वस्तऱ्याची सहाण आणि सुरीची सहाण



मागच्या व्याख्यानाचा विषय होता कसोटी. एखादं विधान खरं की खोटं हे कशावर घासून बघायचं, असा प्रश्न होता. ते संपल्यावर एक तरुण श्रोते आमच्याजवळ आले आणि म्हणाले, "सर, तुम्ही दगडाचे इतके दाखले दिलेत, आता एक व्यवहारातलं विचारतो. मी जुन्या पद्धतीच्या वस्तऱ्यानं घरीच दाढी करतो. स्वयंपाकही मीच करतो. वस्तऱ्यालाही चालेल आणि सुरीलाही चालेल असा एकच दगड घ्यायचा तर कोणता घेऊ?" आम्ही हसून म्हटलं, दुकानदाराला विचारा. घरी आलो आणि मनात म्हटलं, हे काही बरं केलं नाही आपण. कारण या प्रश्नाचं उत्तर आमच्याच स्वयंपाकघरात चाळीस वर्षं पडून होतं आणि ते आम्ही वापरून वापरून झिजवून टाकलं होतं.

ते असं. आमच्या वडिलांचा एक दगड आहे. वीतभर लांब, तीन बोटं रुंद. वरचा थर फिकट पिवळा, लोण्यासारखा. खालचा काळसर निळा. वडील वस्तऱ्यानं दाढी करीत. तो वस्तरा आणि हा दगड त्यांनी पुण्यात जुन्या बाजारात एकत्रच घेतले होते, असं आई सांगायची. वडील १९७१ साली गेले. वस्तरा ट्रंकेत गेला, दगड ओट्यावर आला. पुढे सुऱ्या, कात्र्या, नारळ फोडायचा कोयता, एकदा तर मोरीतलं खुरपंसुद्धा, सगळं त्याच्यावर घासलं गेलं. निवृत्तीनंतर हौस म्हणून आम्ही ट्रंकेतला वस्तरा काढला, ओट्यावरच्या दगडावर चार हात फिरवले आणि गालाला लावला. पुढचे आठ दिवस शेजारीपाजारी विचारत होते, काय झालं म्हणून. मग आम्ही वाचायला लागलो. सत्तरीत माणूस वाचायला लागला की कुठं थांबायचं हे त्याला कळत नाही, तेव्हा आजचं व्याख्यान थोडं पसरट होईल. सांभाळून घ्या.

सुरुवात शब्दांपासून करू, ती आमची जुनी खोड आहे. संस्कृतात 'क्षुर' म्हणजे वस्तरा. क्षौर हा शब्द त्याच्यातूनच आला. ग्रीक भाषेत वस्तऱ्याला 'क्सुरोन' म्हणतात, तो याचा सख्खा भाऊ. आता क्षुराला लहानपणाचा प्रत्यय लावला की होते 'क्षुरिका', आणि क्षुरिकेची प्राकृतातून येता येता मराठीत झाली 'सुरी'. म्हणजे आपण ज्या सुरीनं कांदा चिरतो ती शब्दाच्या वंशावळीत वस्तऱ्याची धाकटी लेक आहे. आणि गंमत बघा, थोरल्याचं मूळ नाव मराठी बोलण्यातून गेलं आणि त्याच्या जागी फारसी 'उस्तुरा' येऊन बसला. तोच आपला वस्तरा. कठोपनिषदात अवघड वाटेला वस्तऱ्याच्या धारेची उपमा आहे ती सगळ्यांना ठाऊक असते. आम्ही ती वर्गात तीस वर्षं शिकवली. त्या धारेला धार कोण लावत असेल, हा प्रश्न एकाही विद्यार्थ्यानं विचारला नाही, आणि आम्हालाही तो पडला नाही.

आता दगडाकडे. संस्कृत 'शाण' म्हणजे धार लावायचा दगड, आणि कोशात त्याचा दुसरा अर्थ दिला आहे सोन्याची कसोटी. आपली 'सहाण' याच घरातली. चंदन उगाळायची तीही सहाण, हत्यार घासायची तीही सहाण. लॅटिनमध्ये धारेच्या दगडाला 'कोस' म्हणतात, त्याचं लहान रूप 'कोतिकुला', आणि रोमन लोक कसोटीच्या दगडालाही कोतिकुलाच म्हणत. दोन दूरदूरच्या समाजांना एकच गोष्ट सुचावी याचं आम्हाला फार आश्चर्य वाटत नाही. घासून पाहणं आणि घासून धार आणणं, हाताला दोन्ही सारखंच वाटतं. पण हा 'कोतिकुला' शब्द लक्षात ठेवा, तो पुढे परत येणार आहे.

शब्दांत वस्तरा आणि सुरी एका घरातले, पण व्यवहारात ते फार लवकर वेगळे निघाले. पहिल्या शतकातला रोमन लेखक प्लिनी आपल्या निसर्गविषयक प्रचंड ग्रंथात धारेच्या दगडांचे प्रकार सांगतो. काही दगड तेलावर चालतात, त्यांत क्रीट बेटावरच्या दगडाचं नाव मोठं. काही पाण्यावर चालतात. आणि काही न्हाव्यांच्या दुकानात वापरतात, ते माणसाच्या थुंकीवर चालतात. हे स्पेनकडून येतात. थुंकी म्हटल्यावर तुम्ही तोंड वाकडं केलंत, पण मुद्दा पाहा. दोन हजार वर्षांपूर्वी न्हाव्याचा दगड हा वेगळा माल होता, वेगळ्या गावाहून येत होता.

आपल्याकडे हा वेगळेपणा आणखी घट्ट होता आणि त्याचं कारण फक्त धार नव्हती. नाभिकाची धोकटी असे. तिच्यात वस्तरा, कात्री, नराणी, वाटी, आरसा, सहाण आणि कातडी पट्टा. ती धोकटी ओसरीच्या पुढे येत नसे. हजामत झाली की आंघोळ करूनच घरात यायचं. त्या धोकटीतली सहाण आणि माजघरातली विळी एकमेकींना भेटणं शक्यच नव्हतं. तेव्हा 'दोघांना मिळून एक दगड' हा प्रश्न आपल्या आजोबा-पणजोबांना सुचलाच नसता. दगडाच्या गुणावगुणापर्यंत गोष्ट पोहोचण्याआधीच सोवळ्याओवळ्यानं ती संपवलेली होती. त्या धोकटीचं ओझं कोणाच्या खांद्यावर होतं आणि त्या वस्तऱ्याकडून काय काय करून घेतलं गेलं, हे आपण विसरू नये. १८९० साली मुंबईत नाभिक मंडळी एकत्र आली आणि विधवांचं केशवपन करायचं नाही असं त्यांनी ठरवलं. नारायण मेघाजी लोखंडे त्यामागे उभे होते. वस्तरा कुठं चालवायचा नाही हे वस्तरा धरणाऱ्यांनी ठरवल्याचा हा प्रसंग. आमच्या पाठ्यपुस्तकांत तो एका ओळीत उरकतात.

विळीचंही थोडं सांगतो. सुरीत पातं हलतं आणि भाजी स्थिर असते. विळीत उलट. म्हणून विळीला धार लावताना दगडच हातात घेऊन पात्यावरून फिरवायचा. बहुतेक घरांत सणासुदीच्या आधी धारवाला येई, सायकल उभी करून पॅडल मारी आणि चाकातून ठिणग्या उडत. त्याच्याही आधी हे काम शिकलगारांचं. अरबीत 'सैकल' म्हणजे घासूनपुसून झळाळी आणणारा, त्यावरून हा शब्द. तलवारी गेल्यावर त्यांच्या हाती कोयते आणि विळ्या आल्या. दोन फेऱ्यांच्या मधल्या दिवसांत बायका काय करीत? चिनी बरणी उलटी करून तिच्या बुडाच्या खरबरीत कडेवर सुरी घासत, किंवा सरळ मागच्या दाराच्या पायरीवर. बरणीची युक्ती चांगली आहे, आजही चालते. पायरी मात्र आपल्या दख्खनच्या काळ्या पाषाणाची. धान्य दळायला त्याच्यासारखा दगड नाही, पण बारीक धारेला तो निरुपयोगी. त्याच्यातले कण पाणी पाजलेल्या पोलादापेक्षा फारसे कठीण नसतात आणि एकसारखे बारीकही नसतात.

तर मग हा प्रश्न पहिल्यांदा नीट कुणाला पडला? आमच्या मते अठराव्या शतकातल्या युरोपात, जेव्हा माणूस आपली दाढी आपणच करू लागला. त्याआधी पोलाद सुधारावं लागलं. १७४० च्या दशकात शेफिल्डजवळ बेंजामिन हंट्समन यानं मुशीत वितळवून एकजीव पोलाद करायची रीत बसवली आणि चांगले वस्तरे मध्यमवर्गाच्या आवाक्यात आले. वस्तरा घरात आला म्हटल्यावर त्याची धारही घरातच राखायला हवी.

इथं आमचा एक आवडता माणूस येतो, झाँ-झाक पेरे. पॅरिसमधला सुऱ्या-वस्तरे घडवणारा कारागीर. १७६९ साली त्यानं एक पुस्तक छापलं. नाव 'पोगोनोतोमी', म्हणजे सरळ मराठीत 'दाढी कापण्याची विद्या'. आणि खाली उपशीर्षक की आपली दाढी आपणच करायला शिकण्याची कला. पण त्या लांबलचक शीर्षकात पुढे आणखी एक गोष्ट आहे: सर्व तऱ्हेच्या हत्यारांना धार लावायला योग्य असे सर्व तऱ्हेचे दगड ओळखायची रीत. सर्व तऱ्हेची हत्यारं! म्हणजे आमच्या त्या तरुण मित्राचा प्रश्न अडीचशे वर्षांपूर्वी पुस्तकाच्या मुखपृष्ठावर छापून झालेला होता. पेरेनं पुढे सुऱ्या-कात्र्या घडवण्याच्या कलेवर मोठा ग्रंथ लिहिला, तो पॅरिसच्या विज्ञान अकादमीच्या मालिकेत आला. आपल्या व्यवसायाचं गुपित गिऱ्हाइकाला उघड करून सांगणारा हा कारागीर आम्हाला त्याच काळातल्या पुष्कळ तत्त्वज्ञांपेक्षा जास्त ज्ञानप्रकाशवादी वाटतो. हे आमचं मत, आमच्या विभागातल्या सहकाऱ्यांना ते कधी पटलं नाही.

तिकडे अमेरिकेत बेंजामिन फ्रँकलिन आपल्या आत्मचरित्रात लिहितो की एखाद्या गरीब तरुणाला हजार गिनी देण्यापेक्षा दाढी करायला आणि वस्तरा नीट राखायला शिकवलंत, तर त्याच्या सुखात जास्त भर पडेल. 'वस्तरा राखायला' हे शब्द त्यात महत्त्वाचे आहेत. त्याच पुस्तकात एका कुऱ्हाडीचा किस्सा आहे. एका माणसाला आपली कुऱ्हाड नुसत्या धारेपाशी नाही तर सगळीकडून चकचकीत हवी होती. लोहार म्हणाला, करून देतो, तू चाक फिरव. चाक जड. थोड्या वेळानं तो म्हणाला, राहू दे, आहे अशी ठिपक्याठिपक्यांची कुऱ्हाडच मला आवडते. आमच्यासारख्या माणसानं पहिल्या दिवशी वस्तरा घासताना नेमकं हेच केलं होतं. हात दुखायला लागल्यावर आम्ही ठरवून टाकलं की धार आली.

आता दगडांच्या जातींकडे वळू. युरोपात घरगुती वापरासाठी जे दगड नावाजले गेले, त्यांत बेल्जियमच्या आर्देन टेकड्यांतला एक दगड आहे. व्हीलसाल्म, साल्मशातो आणि लिएन नदीचं खोरं, एवढ्याच छोट्या पट्ट्यात त्याच्या शिरा सापडतात. साल्मशातोला त्याचं संग्रहालयसुद्धा आहे. नाव 'कोतिक्युल'. मघाचा लॅटिन शब्द आठवला ना? तोच.

सुमारे अठ्ठेचाळीस कोटी वर्षांपूर्वी समुद्राच्या तळाशी बसलेला मँगनीजयुक्त गाळ दाबून, तापून हा दगड झाला. त्याच्या अंगात अतिशय बारीक अभ्रकाचा गारा आहे आणि त्या गाऱ्यात रुतलेले गार्नेटचे स्फटिक, म्हणजे आपण ज्याला तामडा म्हणतो त्याच जातीचे, पण इतके बारीक की डोळ्याला दिसत नाहीत. त्यांचा आकार मिलिमीटरच्या हजाराव्या भागात मोजायचा, साधारण पाच ते वीस. या स्फटिकांना धारदार कोपरे नसतात, ते बऱ्यापैकी गोलसर, अनेक पैलूंचे असतात. त्यामुळे ते पोलादात खोल चर पाडत नाहीत, उथळ रेघा ओढतात. ही शीर कुठं काही मिलिमीटर, कुठं काही सेंटिमीटर जाड, आणि तिच्या दोन्ही बाजूंना जांभळट निळा पाटीचा दगड. पिवळा थर ठिसूळ, एकटा ठेवला तर मोडतो. म्हणून खालचा निळा तसाच ठेवतात किंवा वेगळा पाटीचा तुकडा चिकटवतात. आमच्या वडिलांच्या दगडाचे दोन रंग ते हे. हे पुस्तकात वाचलं त्या संध्याकाळी आम्ही ओट्यावरचा दगड धुऊन खिडकीपाशी नेला आणि बराच वेळ नुसते बघत बसलो.

या दगडाची खरी करामत पाण्यात आहे. त्याच्यावर पाणी टाकून त्याच दगडाचा छोटा खडा उगाळला की दुधासारखं गंध निघतं. हो, गंधच म्हणतो आम्ही, चंदनासारखंच ते दिसतं. त्या गंधात सुटे झालेले गार्नेटचे कण असतात आणि ते भराभर पोलाद खातात. मग हळूहळू पाणी घालत गंध पातळ करत जायचं, शेवटी स्वच्छ पाण्यावर आलं की तोच दगड कापणं जवळजवळ थांबवतो आणि फक्त गुळगुळीत करतो. म्हणजे एकाच दगडात खरखरीत आणि बारीक अशा अनेक पायऱ्या, आणि त्या पायऱ्यांवरून चढायचं की उतरायचं हे तुमच्या बोटावरच्या पाण्याच्या थेंबांवर. सुरीला दाट गंधावर थांबा, वस्तऱ्याला नितळ पाण्यापर्यंत जा. 'दोघांना एक दगड' याला निसर्गानं दिलेलं इतकं चांगलं उत्तर आमच्या वाचनात दुसरं आलं नाही. जपानात क्योटोच्या पश्चिमेच्या टेकड्यांतले नारुताकीचे दगड याच तोडीचे, किंबहुना अंतिम धारेला सरस मानतात. पण तिथली परंपराच पायऱ्यांची आहे: खरखरीत दगड वेगळा, मधला वेगळा, शेवटचा वेगळा.

सुरी दाट गंधावर का थांबवायची, हे विचारायला हवं. जास्त बारीक धार म्हणजे जास्त चांगली, असं आपण धरून चालतो. तसं नाही. पिकलेल्या टोमॅटोच्या सालीवर आरशासारखी घासलेली सुरी घसरते. तिथं धारेला सूक्ष्म दाते हवेत, करवतीसारखे, ते साल पकडतात. तेच दाते गालावर फिरले तर केसाबरोबर कातडीही खरवडून काढतात. म्हणजे 'धारदार' या शब्दाला एकट्यानं अर्थ नाही. कशासाठी धारदार हे सांगितल्याशिवाय ते वाक्य पुरं होत नाही. तर्कशास्त्राच्या वर्गात आम्ही अशा पदांना सापेक्ष पदं म्हणायचो आणि उदाहरण द्यायचो 'उंच'चं. आता शिकवायला मिळालं तर धारेचं देऊ.

पण दात्यांपेक्षाही मोठी अडचण वेगळीच आहे, आणि आमच्या दगडाचा बळी तिनंच घेतला. नीट ऐका.

वस्तरा दगडावर कसा ठेवतात? सपाट. त्याची जाड पाठ आणि त्याची धार, दोन्ही एकाच वेळी दगडाला टेकतात. धारेचा कोन किती असावा हे वस्तरा घडवणाऱ्यानं पाठीच्या जाडीत आधीच ठरवून ठेवलेलं असतं; दोन्ही बाजू मिळून साधारण सोळा-सतरा अंश. तुम्ही काही ठरवायचं नाही, फक्त पाठ उचलायची नाही. सुरीचं उलट. तिची पाठ वर उचलावी लागते, दर बाजूला पंधरा ते वीस अंश, आणि तो कोन तुमच्या मनगटात असतो. मनगट थोडं इकडंतिकडं झालं तरी सुरी सांभाळून घेते.

आता विचार करा, दगड मध्ये खोलगट झाला तर काय होईल? सुरीला फारसा फरक पडत नाही, ती खळग्यातूनही घासली जाते. वस्तऱ्याला मात्र दगडाचा सपाटपणा हाच एकमेव आधार. खळगा आला की पाठ कडेवर टेकते, धार तरंगते किंवा नको तिथं दाबली जाते. कोन बिघडतो आणि धारेची सरळ रेघ वाकडी होते. आणि दगडाला खळगा पाडतं कोण? सुरी. लोक सुरी दाबून, एकाच जागी, मधोमध घासतात. खुरपं घासणाऱ्यांची तर गोष्टच सोडा. दोघं एका दगडावर नांदायचे तर भांडण बारीक-खरखरीतपणावरून होत नाही, जागेवरून होतं. एक जण घर वापरून घराची जमीनच खचवतो आणि दुसऱ्याला सपाट जमिनीशिवाय उभंच राहता येत नाही.

बरं, वस्तऱ्याची धार जाते कशानं? केस पोलादापेक्षा सुमारे पन्नास पट मऊ. तरी ब्लेड बोथट होतं. याचा छडा २०२० साली अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी लावला. केस वाकून धारेच्या बाजूनं तिरका रेटा देतो आणि पोलादाच्या अंगात जिथं रचना एकसारखी नसते तिथं धारेचा सूक्ष्म कपचा उडतो. धार झिजत जाते असं आपण समजतो, ती प्रत्यक्षात तुटत जाते. खरखरीत दगडाचे खोल चर धारेच्या टोकापर्यंत उरले, तर तुटायला तेवढ्या जागा तयारच मिळतात, असं आम्हाला वाटतं.

आता आपल्या देशाचा या कथेतला खरा वाटा. अठराव्या शतकाच्या शेवटी लंडनला हिंदुस्थानातून दोन वस्तू पोहोचल्या. एक पोलाद, जे तिकडे 'वुट्झ' म्हणून ओळखलं गेलं. मुंबईत असलेले डॉक्टर हेलेनस स्कॉट यांनी त्याचे नमुने जोसेफ बँक्स यांच्याकडे पाठवले, १७९५ साली जॉर्ज पिअर्सन यांनी रॉयल सोसायटीत त्यावर निबंध वाचला, आणि जेम्स स्टोडार्ट या सुरीकारानं त्यातून एक चाकू घडवून पाहिला. दुसरी वस्तू कुरुंद. १७९८ साली चार्ल्स ग्रेव्हिल यांनी आशियातल्या कुरुंदावर निबंध लिहिला. हिऱ्याखालोखाल कठीण असा हा खनिज दगड. आपले कारागीर त्याची पूड लाखेत कालवून चाकं करत आणि त्यांवर रत्नं नि शस्त्रं घासत. तमिळ 'कुरुंदम्', आपलं 'कुरुंद', इंग्रजांचं 'कोरंडम'. पुढे १८९१ साली अमेरिकेत एडवर्ड अ‍ॅचेसन विजेच्या भट्टीत भलतंच काही करत असताना त्याला चकचकीत कठीण स्फटिक मिळाले. त्याला वाटलं, हे कार्बन आणि कोरंडम यांचं संयुग असावं, म्हणून नाव ठेवलं 'कार्बोरंडम'. तो चुकला होता, त्यात कोरंडम अजिबात नव्हतं, ते होतं सिलिकॉन कार्बाइड. पण नाव चिकटलं. हार्डवेअरच्या दुकानात आपण 'कार्बोरंडमचा दगड द्या' म्हणतो तेव्हा एका अमेरिकन माणसाच्या चुकीमुळे तमिळ शब्द उच्चारत असतो.

कृत्रिम दगडानं एक मोठी सोय केली. कण किती बारीक हे आकड्यात सांगता येऊ लागलं. जपानी मापात १००० ग्रिटच्या दगडाचे कण साधारण बारा-चौदा मायक्रॉन, ८००० चे एक-सव्वा मायक्रॉन. निसर्गाच्या दगडात नशीब असतं, इथं शिक्का असतो.

आणि नेमकं हे सगळं जमून येईपर्यंत वस्तऱ्यालाच घरातून निरोप मिळाला. किंग जिलेट यानं १९०३ साली विक्री सुरू केली, पहिल्या वर्षी खपले ५१ रेझर आणि १६८ पाती. पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैन्यानं सैनिकांना लाखांनी रेझर दिले आणि ते घरी परतले तेव्हा धार लावण्याची सवय गेलेली होती. आर्देनच्या खाणी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात एकेक बंद पडत गेल्या. हल्ली थोड्या प्रमाणात उत्खनन परत सुरू झालं आहे. आपल्याकडे सलूनमध्ये वस्तरा जरा जास्त टिकला. मग एड्सच्या धास्तीनं अर्धं ब्लेड बसवायचा वस्तरा आला, भिंतीवरचा कातडी पट्टा निघाला. आमचे नाभिक, ज्यांच्याकडे आम्ही पस्तीस वर्षं जातो, म्हणाले, "सर, धार लावायला मला येते, पण आता कोणी विचारत नाही." आम्ही विचारलं. पुढे जे सांगणार आहोत त्यातलं अर्धं त्यांचं आहे.

तर त्या तरुण मित्राला आमचं उत्तर. ते आज समोर बसलेले दिसत आहेत.

तेलाचा दगड घेऊ नका. एकदा तेल मुरलं की तो पाण्यावर नीट चालत नाही, आणि भाजीच्या सुरीला मशीनचं तेल कशाला? पाण्याचा, दोन तोंडांचा कृत्रिम दगड घ्या, एका बाजूला १०००, दुसरीला ६०००. हजारी बाजू सुरीची. महिन्या-दोन महिन्यांनी तिच्यावर सुरी घासा, पूर्ण लांबी वापरा, मधोमध रगडू नका. सहा हजारी बाजू वस्तऱ्याची, फक्त वस्तऱ्याची. घरातल्या कोणालाही, अगदी आईलाही, तिच्यावर सुरी फिरवू देऊ नका. आमच्या आईला अडवायची आमची छाती झाली नसती, हे कबूल करतो. वस्तऱ्याची धार मोडली, कपचा उडाला, तरच त्याला हजारीवर न्यायचा, आणि त्याआधी ती बाजू सपाट करून घ्यायची. सहा हजारानंतर कातडी पट्ट्यावर हिरवी क्रोमियम ऑक्साइडची पेस्ट लावून दहा-पंधरा हात, मग कोऱ्या पट्ट्यावर. पट्ट्यावर नेहमी पाठ पुढे, धार मागे. उलट गेलात तर पट्टा कापाल. रोजच्या दाढीला नुसता कोरा पट्टा पुरतो, दगडाची गरज काही आठवड्यांनीच पडते. आठ हजारी किंवा त्याहून बारीक दगड परवडला तर उत्तम, पण तो मग दुसरा दगड झाला आणि तुमची अट एकाची होती. नैयायिक ज्याला लाघव म्हणतात ते आम्हालाही प्रिय आहे, पण गालावर रक्त आणणारं लाघव काही कामाचं नाही.

आणि सपाटी. पाट्याला, जात्याला जशी टाकी लावून घेत, तशी या दगडालाही निगा लागते, फक्त इथं खवले पाडायचे नसतात, पुसायचे असतात. दगडावर शिसपेन्सिलीनं उभ्या-आडव्या रेघा मारा. काचेच्या जाड तुकड्यावर पाण्याचा पॉलिशपेपर ठेवून त्यावर दगड घासा. सगळ्या रेघा एकाच वेळी पुसल्या गेल्या तर दगड सपाट. मधल्या रेघा मागे राहिल्या तर अजून खळगा आहे. दर तीन-चार वापरांनंतर एवढं केलंत तर एक दगड दोघांना जन्मभर पुरेल.

आमच्या दगडावरही आम्ही रेघा मारून बघितल्या. मधला चांगला दोन बोटं रुंद पट्टा तसाच राहिला. कडेला पिवळा थर साधारण पाच मिलिमीटर आहे, मधे दीडएक उरलाय. पूर्ण सपाट करायचा तर कडांचा साडेतीन मिलिमीटर चांगला दगड पॉलिशपेपरवर उगाळून टाकावा लागेल. नाभिक म्हणाले, "टाका, दीड मिलिमीटर तुम्हाला पुरतो." हिशोब बरोबर आहे त्यांचा, वस्तरा वर्षाला दगडाचं फार थोडं खातो आणि आमची वर्षं किती राहिली! तरीपण काच आणि कागद टेबलावर ठेवून आम्हाला आता तीन आठवडे झाले. सध्या एका टोकाला अडीच इंच जागा बऱ्यापैकी सपाट आहे, तेवढ्यावरच वस्तरा तिरका धरून हळू हळू फिरवतो. सुऱ्यांसाठी बाजारातून दोनशे रुपयांचा कार्बोरंडम आणलाय, तो ओट्यावर आहे.

प्रश्न असतील तर विचारा.